टी पेशींच्या ग्राहींची विविधता: तुकड्यांच्या निवडीत थोडी, सांध्यात फार

पेशीविश्व (धागाकर्ती)

टी पेशीचा, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एका पांढऱ्या पेशीचा, ग्राही (बाहेरच्या गोष्टी ओळखणारं तिच्या पृष्ठभागावरचं प्रथिन) जनुकांच्या तुकड्यांची जोडणी होऊन बनतो, म्हणून त्याचे प्रकार अगणित असतात, असं सगळीकडे वाचायला मिळतं. ते खरं आहे, पण तिथेच थांबलं तर हिशेब जुळत नाही. नुसत्या तुकड्यांच्या निवडीतून येणारी विविधता मोजली की ती थोडकी निघते. मोठी भर पडते ती दोन तुकड्यांच्या सांध्यात. आणि त्या भरीतलं शेवटी रक्तात काय उतरतं, ते पेशी थायमसमध्ये (छातीतल्या, टी पेशी जिथे घडतात त्या अवयवात) कुठल्या टप्प्यावर किती काळ जगते त्यावर ठरतं. या धाग्यात या दोन गोष्टी नीट मांडायच्या आहेत. उदाहरण माणसातल्या, अल्फा आणि बीटा अशा दोन साखळ्यांच्या ग्राहीचं घेते. माहिती उंदरातली असेल तिथे तसं सांगेन.

आधी सामान काय आहे ते पाहू. बीटा साखळीचे तुकडे सातव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर, ७क्यू३४ या जागी आहेत. तुकड्यांचे व्ही, डी, जे आणि सी असे चार प्रकार. कामाचे व्ही तुकडे जास्तीत जास्त ४८ धरता येतात, डी २, जे १३ आणि सी २. ते कसे मांडलेले आहेत हे महत्त्वाचं: व्हीची लांब रांग, मग डी१, जे१ गटातले ६, सी१, पुढे डी२, जे२ गटातले ७, सी२. अल्फाचं स्थान चौदाव्या गुणसूत्रावर, १४क्यू११.२ इथे. तिथे कामाचे व्ही सुमारे ४५, जे सुमारे ५०, सी एकच, आणि डी नाहीच. डेल्टा साखळीचे (काही टी पेशींवर असणाऱ्या गॅमा-डेल्टा या दुसऱ्या ग्राहीतल्या साखळीचे) तुकडे याच अल्फाच्या पोटात, अल्फाचे व्ही आणि जे यांच्या मधोमध बसलेले आहेत. त्यामुळे अल्फाच्या जोडणीच्या वेळी डेल्टा कापून बाहेर पडतो.

आता गुणाकार. बीटासाठी ४८ × २ × १३ = १,२४८ असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. ते जरा जास्त आहे. डी२ हा जे१ गटाच्या पुढे असल्यामुळे त्या गटाशी सरळ जोडला जात नाही. डी१ला १३ जे मिळतात, डी२ला फक्त ७. म्हणजे डी-जे जोड्या २०. ४८ × २० = ९६०. अल्फासाठी ४५ × ५० = २,२५०. दोन्ही साखळ्यांची प्रत्येक जोडी शक्य धरली तरी ९६० × २,२५० = २१ लाख ६० हजार.

साधारण बावीस लाख. आणि ग्राहींचे शक्य प्रकार म्हणून जो आकडा सर्रास दिला जातो तो आहे दहाचा पंधरावा घात. मधलं अंतर कितीतरी कोटी पटींचं आहे, आणि ते सगळं सांध्यात भरून निघतं.

सांधा कसा तयार होतो ते आता क्रमाने.

प्रत्येक तुकड्याच्या कडेला एक ओळखखूण असते. तिच्यात सात अक्षरांचा (म्हणजे डीएनएच्या ए, सी, जी, टी या घटकांचा) ठरावीक क्रम, सी-ए-सी-ए-जी-टी-जी. मग १२ किंवा २३ अक्षरांचं अंतर. मग नऊ अक्षरांचा क्रम, ए-सी-ए-ए-ए-ए-ए-सी-सी. रॅग१ आणि रॅग२ ही प्रथिनं मिळून एक १२ वाली आणि एक २३ वाली खूण एकत्र पकडतात. दोन्ही १२ किंवा दोन्ही २३ असतील तर जोडणी होत नाही. खुणा पकडल्यावर सात अक्षरांच्या अगदी कडेला डीएनएचा एकच धागा कापला जातो, आणि त्या कापाचं मोकळं टोक समोरच्या धाग्यावर हल्ला करतं. तुकड्याच्या बाजूचं टोक त्यामुळे वळून बंद होतं, म्हणजे दोन्ही धागे टोकाशी एकमेकांना जोडले जातात. खुणेच्या बाजूचं टोक सरळ कापलेलं राहतं.

विविधता सुरू होते ती या वळलेल्या टोकातून. ते उघडतं आर्टेमिस नावाचं विकर, डीएनए-पीके या विकराच्या सोबतीने. आणि टोकाच्या बरोबर मधोमध नाही तर बहुधा थोडं बाजूला उघडतं. मग एका धाग्याची काही अक्षरं लोंबती राहतात आणि ती भरून काढताना उलटसुलट सारखी वाचली जाणारी अक्षरं सांध्यात येतात, बहुधा एक-दोन, क्वचित चार. यांना पी अक्षरं म्हणतात. दुसरीकडे काही विकरं टोकाची अक्षरं कुरतडतात. कधी काहीच जात नाही, कधी डी तुकडा जवळजवळ पूर्ण नाहीसा होतो. डी१ मुळात १२ अक्षरांचा आणि डी२ १६ अक्षरांचा, त्यामुळे तिथे गमावण्यासारखं फार नसतंच. मग येतं टीडीटी. हे विकर कुठलाही साचा न वाचता टोकाला अक्षरं चिकटवतं, त्यात जी आणि सीकडे कल जास्त. ही एन अक्षरं; दर सांध्याला शून्यापासून बहुतांशी दहाच्या आत. शेवटी कू७०/कू८०, एक्सआरसीसी४ आणि लायगेज-४ मिळून टोकं सांधतात.

बीटामध्ये असे दोन सांधे असतात, व्ही-डी आणि डी-जे. अल्फामध्ये एक. ग्राहीचा जो भाग प्रतिजनाच्या (ओळखायच्या पदार्थाच्या) तुकड्याला सर्वांत जवळून भिडतो, तो सीडीआर३, नेमका या सांध्यांवर बसलेला असतो. सीडीआर१ आणि सीडीआर२ व्ही तुकड्यातून जसेच्या तसे येतात.

विकासाचे टप्पे पुढच्या प्रतिसादात लिहिते.


शंकासुर

छान सुरुवात. दोन शंका.

एक: बीटाच्या व्हीची खूण २३ वाली आणि जेची १२ वाली असेल, तर नियमाप्रमाणे व्ही थेट जेला जोडला जायला काय हरकत आहे? मग डी गळूनच जाईल.

दोन: सगळा भर सांध्यावर आहे असं म्हणता, तर टीडीटी काढून टाकून कोणी पाहिलं आहे का?


रानजाई

शंकासुर, पहिली शंका रास्त आहे. बीटामध्ये व्हीच्या डीकडच्या कडेला २३, डीच्या व्हीकडच्या कडेला १२ आणि जेकडच्या कडेला २३, जेच्या डीकडच्या कडेला १२ अशा खुणा असतात. १२/२३ च्या नियमात व्ही-जे बसतं, पण पेशीत ते जवळजवळ होत नाही. खुणांचे नेमके क्रम आणि त्यांच्या शेजारची अक्षरं यांमुळे रॅगला व्ही-जे ही जोडी फार कमी मानवते. शिवाय डी-जे जोडणी आधी होते आणि व्ही नंतर येतो. डी वाचतो तो या दोन्ही कारणांनी. प्रतिपिंडाच्या जड साखळीत हा पेच येतच नाही, कारण तिथे व्ही आणि जे दोघांनाही २३ वाली खूण आहे.

डेल्टामध्ये मात्र डीच्या दोन्ही कडा अशाच असल्यामुळे डी-डी जोडणी चालते. एका साखळीत दोन, कधी तीन डी येतात आणि सांधेही तितके वाढतात. डेल्टाचे व्ही मोजके असूनही तिची विविधता एवढी का, त्याचं उत्तर यात आहे.

दुसरं: हो, पाहिलं आहे. २००१ साली टीडीटी नसलेल्या उंदरांत ग्राहींचे प्रकार मोजले गेले, तेव्हा ते नेहमीच्या उंदराच्या ५ ते १० टक्केच भरले. म्हणजे नव्वद टक्के किंवा त्याहून जास्त विविधता या एका विकरावर उभी आहे. आणि ते उंदीर चांगले जगतात, हेही लक्षात घेण्यासारखं आहे.

उंदराच्या गर्भात टीडीटी नसतंच, ते जन्मानंतर काही दिवसांनी दिसू लागतं. म्हणून गर्भात तयार होऊन त्वचेत जाऊन बसणाऱ्या गॅमा-डेल्टा पेशींचे सांधे जवळजवळ एकसारखे असतात, एन अक्षरांशिवाय.


पेशीविश्व

रानजाई, आभार. आता टप्पे.

अस्थिमज्जेतून आलेली पूर्वज पेशी थायमसच्या बाह्यक आणि गाभ्याच्या सीमेवर उतरते. तिथल्या उपकला (अस्तराच्या) पेशींवरच्या डीएलएल४ या प्रथिनाकडून तिच्या नॉच१ या ग्राहीला संदेश मिळाला की ती टी पेशीच्या वाटेला लागते. संदेश मिळाला नाही तर बी पेशी होण्याकडे कल जातो. या सुरुवातीच्या पेशींवर सीडी४ही नसतं आणि सीडी८ही (टी पेशींचे दोन मुख्य प्रकार ओळखायची ही पृष्ठभागावरची प्रथिनं). उंदरात सीडी४४ आणि सीडी२५ ही आणखी दोन प्रथिनं पाहून त्यांचे चार टप्पे करतात: पहिल्यात फक्त सीडी४४, दुसऱ्यात दोन्ही, तिसऱ्यात फक्त सीडी२५, चौथ्यात दोन्ही नाहीत.

बीटाची डी-जे जोडणी दुसऱ्या टप्प्यात सुरू होते आणि व्हीची जोडणी तिसऱ्यात पूर्ण होते. इथे पहिली चाळणी आहे. सांध्यात किती अक्षरं आली-गेली याला धरबंध नसल्यामुळे तीनपैकी दोन वेळा वाचनाची (तीन-तीन अक्षरांची) चौकट चुकते आणि साखळी बनत नाही. पण बीटाला सवड आहे. एका गुणसूत्रावर डी१-जे१ वापरून जोडणी फसली, तर पुढे डी२-जे२ शाबूत असतात आणि मागे उरलेले व्हीही असतात. म्हणजे एका गुणसूत्रावर दोन आणि दोन्ही मिळून चार प्रयत्न. चारही फसण्याची शक्यता दोन तृतीयांशचा चौथा घात, १६/८१; यशाची ६५/८१, म्हणजे साधारण ८० टक्के. प्रत्यक्षात थोडं कमी होतं, कारण पहिल्याच वेळी डी१ जर जे२ गटाशी जोडला गेला तर मधला डी२ कापला जातो आणि दुसरी संधी हातची जाते. शिवाय डी२ तीन चौकटींपैकी एका चौकटीत वाचला तर टी-ए-जी हा थांबा येतो. डी१ तिन्ही चौकटींत बिनथांब्याचा आहे.

बनलेली बीटा साखळी चांगली आहे का, हे अल्फा नसताना कसं तपासायचं? त्यासाठी प्री-टी-अल्फा नावाची एक न बदलणारी साखळी असते. बीटा तिच्याशी आणि सीडी३शी (ग्राहीचा संदेश आत नेणाऱ्या प्रथिनांशी) जुळली की पेशीला संदेश मिळतो, आणि त्यासाठी बाहेरून काही चिकटावं लागत नाही. याला बीटा-निवड म्हणतात. लगेच तीन गोष्टी घडतात. रॅग बंद होतं. रॅग२ च्या ४९०व्या थ्रिओनीनवर फॉस्फेट लागून ते पेशीविभाजन सुरू होताना नष्ट केलं जातं. दुसऱ्या गुणसूत्रावरचा बीटाचा भाग जोडणीसाठी बंद होतो, त्यामुळे एका पेशीत बहुधा एकच बीटा राहते. आणि पेशी सहा ते आठ वेळा विभागते.

माझ्या मते सगळ्या प्रक्रियेतली सर्वांत नेटकी गोष्ट हे विभाजन आहे. एका यशस्वी बीटापासून शंभराच्या वर पेशी होतात आणि त्यानंतर प्रत्येक पेशी स्वतःची वेगळी अल्फा जोडते. चांगली बीटा मिळवायला एवढा खटाटोप झाला, ती एकाच अल्फाबरोबर वाया जात नाही. १९९९ साली माणसाच्या रक्तातल्या ग्राहींची मोजणी झाली, तेव्हा निदान दहा लाख वेगवेगळ्या बीटा आणि प्रत्येकीबरोबर सरासरी निदान २५ अल्फा असा अंदाज निघाला. तो या क्रमाशी जुळतो. नंतर खोल अनुक्रमण करून (म्हणजे डीएनएची अक्षरं मोठ्या प्रमाणावर वाचून) बीटांचा आकडा कोटींत गेला आहे.


पाऊसवेडा

अल्फाचं काय होतं ते मी जोडतो. तिथली पद्धत अगदीच वेगळी आहे.

विभाजन थांबून पेशीवर सीडी४ आणि सीडी८ दोन्ही आले की रॅग पुन्हा सुरू होतं. अल्फाला डी नाही, म्हणून जोडणी एका पायरीत होते. आणि एकदा जोडणी झाली तरी मागे बरेच व्ही आणि पुढे बरेच जे उरतात. त्यामुळे पहिली जोडणी फसली, किंवा चौकट जुळूनही ग्राही थायमसमधल्या निवडीत (स्वतःच्या प्रथिनांना तो कसा भिडतो या चाचणीत) उतरला नाही, तर त्याच गुणसूत्रावर आणखी मागचा व्ही आणि आणखी पुढचा जे घेऊन पुन्हा जोडणी होते आणि आधीची कापून फेकली जाते. दोन्ही गुणसूत्रांवर हे एकाच वेळी चालू असतं. थांबतं ते दोनच कारणांनी: निवड झाली म्हणून, नाहीतर पेशी मेली म्हणून.

याचा परिणाम असा की अल्फाची निवड सरसकट यादृच्छिक नसते. सुरुवात व्हीच्या जवळ असलेल्या जेंपासून होते, कारण तिथे टीईए नावाचा प्रवर्तक पहिल्यांदा तो भाग उघडतो. मग हळूहळू दूरचे तुकडे. सीडी४-सीडी८ दोन्ही असलेली पेशी साधारण तीन-चार दिवस जगते. तिचं आयुष्य घटलं तर दूरच्या जेंची पाळीच येत नाही. उंदरात आरओआर-गॅमा-टी हे प्रथिन काढलं की या पेशी लवकर मरतात आणि अल्फामध्ये जवळचेच जे दिसतात. बीसीएल-एक्सएल हे पेशीला मरू न देणारं प्रथिन देऊन त्यांना जगवलं की दूरचेही दिसू लागतात. विविधतेवर आयुष्याचा ताबा किती आहे, हे इतक्या स्वच्छपणे दुसऱ्या कुठल्या प्रयोगात दिसत नाही.

माणसातल्या एमएआयटी पेशींची (जवळजवळ ठरावीक अल्फा असलेल्या टी पेशींच्या एका खास प्रकाराची) अल्फा टीआरएव्ही१-२ हा व्ही वापरते, आणि तो व्हीच्या रांगेतल्या सर्वांत दूरच्यांपैकी. इनव्हेरियंट एनकेटी हा तसाच दुसरा प्रकार, त्या पेशी जे१८ वापरतात, तोही लवकर हाती लागणाऱ्यांतला नव्हे. या पेशी बनायला पूर्वज पेशी पुरेशी जगावी लागते.


शंकासुर

मग एका पेशीत दोन अल्फा असू शकतात? आणि तसं असेल तर 'एक पेशी, एक ग्राही' हा नियम राहिला कुठे?


पाऊसवेडा

असू शकतात, आणि ते विरळ नाही. अल्फाचा दुसऱ्या गुणसूत्रावरचा भाग बीटासारखा बंद होत नाही. दोन्हींवर चौकट जुळलेल्या अल्फा बऱ्याच पेशींत सापडतात. माणसात अशा पेशी एक तृतीयांशापर्यंत असू शकतात असा अंदाज १९९३ मध्येच आला होता. पण बीटाशी जुळणं आणि पृष्ठभागावर पोचणं यात दोघींची स्पर्धा असते, त्यामुळे दोन्ही सारख्या प्रमाणात दिसतातच असं नाही. दोन बीटा असलेल्या पेशी मात्र शंभरात साधारण एक.

एकपेशी अनुक्रमण करणाऱ्यांना (प्रत्येक पेशी वेगळ्या थेंबात घेऊन तिचे क्रम वाचणाऱ्यांना) हे थेट कामाचं आहे. एका थेंबात दोन अल्फा आणि एक बीटा आली तर पेशी टाकू नका, ती खरी असण्याची शक्यता चांगली आहे. दोन बीटा आणि दोन अल्फा आल्या तर बहुधा एका थेंबात दोन पेशी शिरल्या आहेत. आणि फक्त बीटाच आली, तर बहुतेक वेळा अल्फाचा आरएनए हाती लागलेला नसतो. पेशीत अल्फा नाही असा त्याचा अर्थ काढू नये.


तिसरा_घात

दहाच्या पंधराव्या घाताबद्दल एक आक्षेप नोंदवतो. तो आकडा बरोबर आहे की नाही हा प्रश्न दुय्यम आहे, कारण सगळे क्रम सारख्या शक्यतेने बनतच नाहीत. काही व्ही इतरांपेक्षा कितीतरी जास्त वापरले जातात. शून्य एन अक्षरं लागलेला सांधा पुन्हा पुन्हा बनतो, आठ एन अक्षरं असलेला एखादा ठरावीक सांधा जवळजवळ कधीच नाही. एकच अमिनो आम्लक्रम अनेक वेगवेगळ्या अक्षरक्रमांतून मिळू शकतो, त्यामुळे काही सीडीआर३ अनेक वाटांनी तयार होतात. प्रत्येक क्रमाची घडण-शक्यता काढली तर एका टोकाचे आणि दुसऱ्या टोकाचे क्रम यांत अनेक घातांचा फरक पडतो.

म्हणूनच एकमेकांशी नातं नसलेल्या माणसांत तेच ग्राही सापडतात. फ्लूच्या विषाणूच्या एम१ प्रथिनाचा एक ठरावीक तुकडा घ्या. एचएलए-ए२ (पेशीच्या पृष्ठभागावर तुकडे मांडणाऱ्या प्रथिनाचा एक प्रकार) असलेल्या माणसांत त्याला टीआरबीव्ही१९ हा बीटाचा व्ही वापरणारे, सीडीआर३ च्या मधोमध आर्जिनीन-सेरीन असलेले ग्राही वारंवार मिळतात. यात दोन गोष्टी असतात: ते ग्राही त्या तुकड्याला चांगले बसतात, आणि ते बनायलाही सोपे आहेत. रुग्णांच्या गटात एखादा ग्राही समान सापडला की लगेच 'रोगाशी संबंधित' अशी चिठ्ठी लावली जाते. आधी घडण-शक्यता काढा. ती जास्त असेल तर तो ग्राही निरोगी माणसांतही तितकाच सापडेल.

शिवाय सबंध माणसात टी पेशीच दहाच्या अकराव्या ते बाराव्या घाताएवढ्या असतात. शक्य असलेल्या क्रमांपैकी फार थोडे एका माणसात कधीकाळी बनतात.


पेशीविश्व

तिसरा_घात यांच्या मुद्द्याला धरून निवडीबद्दल लिहिते, कारण बनणं आणि टिकणं यातही मोठा फरक आहे.

बाह्यकातल्या उपकला पेशी स्वतःच्या प्रथिनांचे तुकडे एमएचसीवर (तुकडे धरून दाखवणाऱ्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांवर; त्यांचे वर्ग १ आणि वर्ग २ असे प्रकार) मांडतात. त्यांच्यात बीटा५टी नावाचा खास घटक असलेलं प्रोटिओसोम (प्रथिनांचे तुकडे करणारं यंत्र) असतं, त्यामुळे वर्ग १ वर मांडले जाणारे तुकडेही वेगळे असतात. ग्राहीला यातलं काही हलकेच भिडलं तर पेशी जगते. काहीच भिडलं नाही तर दुर्लक्षानेच मरते, आणि बहुतांश पेशींचं हेच होतं. फार घट्ट भिडलं तर तिथेच किंवा पुढे गाभ्यात मरते, नाहीतर नियामक टी पेशी होते. गाभ्यात एआयआरई या प्रथिनामुळे इन्सुलिनसारखी, एरवी एकाच अवयवात बनणारी प्रथिनंही दाखवली जातात. या सगळ्यातून बाहेर पडतात त्या शंभरातल्या पाचांहूनही कमी.

या चाळणीची खूण सीडीआर३ वर उमटते. निवडीनंतर सीडीआर३ ची सरासरी लांबी किंचित घटते. बीटाच्या सीडीआर३ मध्ये सहाव्या-सातव्या जागी पाणी टाळणारी अमिनो आम्लं असली तर ग्राही स्वतःच्याच तुकड्यांना जास्त चिकटतो, हेही २०१६ पासून माहीत आहे.

निवडीआधीचं चित्र पाहायचं असेल तर थायमसचा नमुना लागतोच असं नाही. रक्तातल्या डीएनएमधून बीटाचे चौकट चुकलेले क्रम वेगळे काढा. त्या पेशी दुसऱ्या गुणसूत्रावरच्या चांगल्या बीटामुळे जगल्या. चुकलेल्या क्रमाला कुठलीही निवड लागलेली नाही. सांध्यात किती अक्षरं कापली गेली, किती लागली, कुठले व्ही जास्त वापरले गेले, याचं निर्भेळ मोजमाप यातून मिळतं. आरएनए वापरला तर हे चुकलेले क्रम बरेचसे नष्ट झालेले असतात, म्हणून या कामाला डीएनएच घ्यावा.


रानजाई

उंदरावर काम करणाऱ्यांसाठी: पेशींची वाटचाल कुठे अडली, यावरून कुठली पायरी मोडली ते जवळजवळ वाचता येतं. रॅग नसेल तर सगळं तिसऱ्या टप्प्यावर थांबतं आणि थायमसमधली पेशीसंख्या शंभर पटींच्या आसपास घटते. प्री-टी-अल्फा नसेल तर काही पेशी पुढे सरकतात, पण सीडी४-सीडी८ दोन्ही असलेल्यांची संख्या खूप खाली येते, कारण मधलं विभाजनच होत नाही. अल्फा नसेल तर त्या दुहेरी टप्प्यापर्यंत सगळं ठीक आणि पुढे सीडी४ किंवा सीडी८ एकटं असलेल्या पेशी नाहीत. रॅग नसलेल्या उंदराला सीडी३ विरुद्धचं प्रतिपिंड टोचलं तर पेशी बीटाशिवायही दुहेरी टप्प्यापर्यंत जातात; संदेश मिळणं महत्त्वाचं, बीटा हे त्याचं साधन आहे, हे त्यातून दिसतं.

चार ते सहा आठवड्यांच्या उंदराच्या थायमसमध्ये १० ते २० कोटी पेशी मिळतात. त्यातल्या ८० टक्क्यांच्या वर दुहेरी. सुरुवातीच्या, दोन्ही नसलेल्या पेशी २ ते ५ टक्केच. म्हणून चार टप्पे पाहताना सीडी८, सीडी३, गॅमा-डेल्टा ग्राही, बी२२०, एनके१.१, सीडी११बी, जीआर-१, टेर११९ या सगळ्या खुणांच्या पेशी आधी वगळा. नाहीतर पहिल्या टप्प्याच्या खिडकीत बी आणि एनके (नैसर्गिक मारक) पेशी येऊन बसतात आणि तिथे भलतीच वाढ दिसते. तिसऱ्या टप्प्यात निवड झालेल्या आणि न झालेल्या पेशी वेगळ्या करायला सीडी२७ आणि पेशीचा आकार पाहा, आणि बीटासाठी पेशीच्या आत रंग द्या. पृष्ठभागावर ती अजून फार थोडी असते.

एक धोका हमखास येतो: उंदराला ताण, संसर्ग किंवा स्टेरॉइड मिळालं असेल तर दुहेरी पेशी एक-दोन दिवसांत कोसळतात. मग टक्केवारीत बाकी सगळं वाढल्यासारखं दिसतं. टक्क्यांबरोबर एकूण पेशीसंख्या द्यायलाच हवी.


बालवैद्य

हा विषय दवाखान्यात कसा समोर येतो ते लिहितो, कारण आपल्याकडे त्यात वेळेला फार किंमत आहे.

जोडणी पूर्ण बंद असेल, म्हणजे रॅग१ किंवा रॅग२ मध्ये काम संपवणारं उत्परिवर्तन असेल, तर टी आणि बी दोन्ही पेशी नसतात, एनके असतात. बाळाला अतितीव्र प्रतिकारहीनता, म्हणजे स्किड, होते. आर्टेमिस, लायगेज-४ किंवा डीएनए-पीके यांत दोष असेल तरी चित्र असंच. पण तिथे शरीरातल्या सगळ्याच पेशींना डीएनएच्या तुटी सांधता येत नाहीत. म्हणून अशा बाळाला किरणं आणि अल्किल गटाची औषधं फार जपून, आणि मज्जारोपणाआधी नेमकं जनुक कळलेलं असणं आवश्यक.

रॅग थोडंफार काम करत असेल तर वेगळंच घडतं. मोजक्या जोडण्या होतात, त्या मोजक्या पेशी वाढत सुटतात, आणि त्यांच्यावर निवडीचा धाकही नीट नसतो. अंगभर लाल सोलपटणारी त्वचा, वाढलेल्या गाठी, यकृत-प्लीहा मोठी, इओसिनोफिल आणि आयजीई वाढलेले: हे ओमेन सिंड्रोम. यात लिम्फोसाइटची संख्या साधारण किंवा जास्तही असते आणि फसगत होते. इथे सीडी४५आरए आणि सीडी४५आरओ पाहावं. निरोगी तान्ह्या बाळाच्या बहुतेक टी पेशी आरए असतात. ओमेनमध्ये जवळजवळ सगळ्या आरओ.

तपासणीचं साधन जोडणीतूनच मिळतं. अल्फाच्या जोडणीआधी डेल्टाचा भाग कापला जातो आणि त्याच्या खुणांची टोकं सांधून डीएनएची गोल कडी बनते, तिला ट्रेक म्हणतात. ही कडी पेशीविभाजनात दुप्पट होत नाही, म्हणून नुकत्याच थायमसमधून आलेल्या पेशींतच ती भरपूर सापडते. टाचेतून घेतलेल्या वाळलेल्या रक्ताच्या ठिपक्यात ती मोजता येते. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याने २००८ मध्ये सर्व नवजातांसाठी ही तपासणी सुरू केली आणि २०१८ अखेरपर्यंत सगळ्या राज्यांत ती आली. ओमेनमध्ये संख्या जास्त असूनही ट्रेक कमीच येतो. मुदतपूर्व जन्म, २२क्यू११.२ चा लोप, हृदयशस्त्रक्रियेत थायमस काढलेला असणं, यांतही तो कमी येऊ शकतो. झॅप-७० (ग्राहीचा संदेश पुढे नेणारं प्रथिन) किंवा एमएचसी वर्ग २ चा दोष मात्र यात निसटतो, कारण तिथे अडथळा जोडणीच्या नंतरचा आहे.

आपल्याकडे बाळाला जन्मताच बीसीजी दिली जाते. स्किड असलेल्या बाळात ती लस शरीरभर पसरू शकते. म्हणून घरात आधीचं मूल तान्हेपणी संसर्गाने दगावलं असेल, किंवा आई-वडील जवळच्या नात्यातले असून असा इतिहास असेल, तर पुढच्या बाळाची बीसीजी, तोंडावाटे पोलिओ आणि रोटाव्हायरस लस तपासणी होईपर्यंत थांबवावी, हे प्रसूतीआधीच ठरवून ठेवावं. लिम्फोसाइट मायक्रोलिटरमागे ३,००० च्या खाली असतील तर ते साध्या सीबीसीतही दिसतं. अहवालातली टक्केवारी एकूण पांढऱ्या पेशींनी गुणायची तेवढी राहून जाते. रक्त द्यायचं झालं तर किरणं दिलेलं, पांढऱ्या पेशी काढलेलं आणि सीएमव्ही हा विषाणू नसलेलंच. पुढच्या तपासण्यांसाठी मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातली आयसीएमआरची एनआयआयएच ही संस्था अशा आजारांवर काम करते.


शंकासुर

बालवैद्य, फार उपयोगी. शेवटचा प्रश्न: मोठ्या माणसाचं १० मिलिलिटर रक्त घेतलं तर त्याच्या ग्राहींची विविधता मोजता येते का? बऱ्याच अहवालांत 'एकूण विविधता' म्हणून एकच आकडा देतात.


तिसरा_घात

एकूण मोजता येत नाही, किमान किती ते सांगता येतं.

मायक्रोलिटरमागे १,५०० टी पेशी धरल्या तर १० मिलिलिटरमध्ये दीड कोटी. वेगळ्या करताना काही जातात, हाती एक कोटी राहिल्या असं समजू. शरीरात चार लाख दशलक्ष पेशी धरल्या तर आपण चाळीस हजारांतली एक पेशी पाहतो आहोत. त्यातही डीएनए किती घातला याला महत्त्व आहे. एका पेशीत ६.६ पिकोग्रॅम डीएनए असतो, म्हणजे एक मायक्रोग्रॅममध्ये दीड लाख पेशी. तेवढाच डीएनए घालून अनुक्रमण यंत्राने पन्नास लाख वाचनं केली तरी दीड लाखाहून जास्त पेशी दिसणार नाहीत. जास्तीची वाचनं त्याच पेशी पुन्हा वाचतात.

आणि चुका विविधता फुगवतात. ४५ अक्षरांचा सीडीआर३ आणि अक्षरामागे हजारात एक चूक धरली, तर शंभरातली चार-साडेचार वाचनं चुकीची. एका मोठ्या कुळाची (एकाच पेशीपासून झालेल्या, सारखाच ग्राही असलेल्या पेशींची) १०,००० वाचनं असतील तर सुमारे ४४० चुकीची. एका अक्षराने वेगळे असे क्रम १३५ च शक्य आहेत, तेव्हा त्यातले बरेचसे नवे ग्राही म्हणून यादीत येतात. आरएनएवर काम करत असाल तर प्रत्येक मूळ रेणूला सुरुवातीलाच यादृच्छिक खूणक्रम लावा आणि एकाच खुणेची वाचनं एकत्र करा. डीएनएवर असाल तर मोठ्या कुळापासून एका अक्षराने दूर असलेले तुरळक क्रम त्याच्यातच मिळवा.

तुलना करायची असेल तर सर्व नमुन्यांत सारख्याच संख्येच्या पेशी घ्या, किंवा नंतर वाचनं यादृच्छिकपणे कमी करून सारखी करा. आणि शक्य असेल तर रक्त काढल्याबरोबर पेशी दोन-तीन भागांत वाटून प्रत्येक भाग शेवटपर्यंत वेगळा चालवा. एकापेक्षा जास्त भागांत दिसलेले आणि एकाच भागात दिसलेले क्रम यांच्या प्रमाणावरून न दिसलेल्या क्रमांचा किमान अंदाज काढता येतो. वाटणी पेशींचीच करा. डीएनएच्या प्रती वाढवल्यानंतर वाटलं तर तोच रेणू दोन्हीकडे येतो, एकाच पेशीचं छोटं कूळही दोन भागांत दिसतं, आणि न दिसलेल्यांचा अंदाज खूपच खाली येतो.